चार रिव्हर्स, एक पुढचा

साडू हे नातं मोठं गमतीचं. ना रक्ताचं, ना आपण होऊन जोडलेलं. दोन परके पुरुष एका घरच्या दोन बहिणींशी लग्न करतात आणि मग जन्मभर सासुरवाडीला शेजारी शेजारी बसून, कुणाची विचारपूस जास्त होते ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहतात. या दोघांचंही तसंच होतं. थोरला जावई पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेन्सिली, आणि कुणी टेबल जरा सरकवलं तरी ते किती तिरकं झालं ते सांगणारा. सासुरवाडीला त्याच्या पाठीमागे त्याला 'फूटपट्टी' म्हणत. धाकटा जावई एका गॅरेजात फिटर, त्यातही खास गिअरबॉक्सचा. माणूस अबोल. जेवायला बसण्याआधी कितीही हात घासले तरी त्याच्या नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. ड्राफ्ट्समनची नजर दर वेळी त्या नखांवर जायची आणि ते फिटरलाही कळायचं.

ड्राफ्ट्समनला तरुणपणापासून एकच वेड होतं, स्वतःच्या हाताने गाडी बांधायची. शेहेचाळिसाव्या वर्षी त्याला संधी मिळाली. कुणा हौशी माणसाने मागवलेली आणि हौस जिरल्यावर टाकून दिलेली एक किट कार त्याला स्वस्तात मिळाली. किट कार म्हणजे काय, तर लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर चढवायचं फायबरचं लाल अंग, दोन सीट आणि चार खोकी नट-बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्याचे त्याने शोधायचे. या गाडीत इंजिन नाकाशी नव्हतं, शेपटाशीही नव्हतं. दोन सीटांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, अगदी मधोमध बसणार होतं. शर्यतीच्या गाड्यांचं असतं तसं. त्यामुळे वळणावर ती भोवऱ्यासारखी फिरते, हे ड्राफ्ट्समन भेटेल त्याला तळहात फिरवून दाखवायचा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सांगाडा ठेवला आणि मदतीला त्याने साडूला बोलावलं. दुसरं होतं तरी कोण? फिटर दर रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन हजर व्हायचा. तोवर दोघं एकमेकांना रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हणत. सांगाड्याखाली शेजारी शेजारी उताणं पडून दोन रविवार गेल्यावर ड्राफ्ट्समन त्याला 'तू' म्हणू लागला. फिटरला त्यात आपलेपणा वाटला. घरी जाऊन त्याने बायकोला तसं सांगितलंही होतं, हे ड्राफ्ट्समनला फार पुढे कळलं.

पहिला प्रश्न इंजिनचा. फिटरने स्वतःच्या मनाने एक शोधून ठेवलं होतं. एका छोट्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं होतं. मागचं सगळं चेपलेलं, पुढचं इंजिन मात्र नव्यासारखं. त्याचं म्हणणं सरळ होतं. तसल्या गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीतच असतो. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, असा अख्खा गठ्ठा पुढून उचलायचा आणि सीटांच्या मागे आहे तसा ठेवायचा. गिअरच्या केबली तेवढ्या लांब करून घ्यायच्या. जी यंत्रं एकमेकांसोबत लाख किलोमीटर नांदली आहेत त्यांची फारकत कशाला करायची, असं तो म्हणाला. एवढं लांब तो एरवी कधी बोलत नसे.

ड्राफ्ट्समनला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पटलं होतं, पण रुचलं नाही. भाजी आणायला जायच्या गाडीचं इंजिन आपल्या गाडीत? त्याच्या कागदावर केव्हाच एक चित्र तयार होतं: सहा सिलिंडरचं उभं लांबलचक इंजिन आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स. भंगारवाल्याकडे एका मोठ्या गाडीचं तसं इंजिन पडून होतं. गिअरबॉक्स मात्र त्याच्यासोबतचा चालणार नव्हता, म्हणून त्याने जुन्या व्हॅनचा निवडला. पूर्वी इंजिन अगदी मागच्या टोकाला असलेल्या व्हॅन यायच्या, त्यातला. दणकट आणि स्वस्त. या गाडीत तो फक्त पुढचा मागे असा उलटा फिरवून बसवायचा होता, आणि दोघांचं लग्न लावायला मध्ये एक अॅल्युमिनियमची प्लेट लागणार होती. ती प्लेट ड्राफ्ट्समनने स्वतः कागदावर आखली. पंधरा दिवस खपून आखली, कापून आणली, आणि ती अशी बसली की फिटरने बोट फिरवून बघितलं आणि नुसती मान डोलावली. त्याची मान सहसा डोलत नसे.

मान डोलावून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, बॉक्स उलटा फिरवला की चाकंही उलटी फिरणार. आतलं मोठं चक्र, क्राउन, ते काढून दुसऱ्या बाजूला बसवावं लागेल. नाहीतर गिअर सगळे मागचे होतील आणि रिव्हर्स तेवढा पुढचा."

ड्राफ्ट्समनने कागदावरून डोकं वर केलं. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पंधरा दिवस त्याने मिलिमीटरचे भाग मोजले होते आणि चाक कुठल्या दिशेने फिरेल एवढंच बघायचं राहिलं होतं. 'अरे, खरंच की,' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी तो म्हणाला, "तू बोल्ट आवळ. हिशेब माझ्याकडे राहू दे."

फिटरने पाना उचलला आणि बोल्ट आवळायला घेतले.

पुढे महिनाभराने, बॉक्स जागेवर चढवायच्या दिवशी, त्याने पुन्हा एकदा विषय काढला. बॉक्स विकणाऱ्या दुकानदाराकडूनच तो उघडून, साफ करून आला होता. ड्राफ्ट्समनची बायको तेव्हा चहा घेऊन शेडच्या दारात उभी होती. फिटरने विचारलं, "दुकानदाराला क्राउनचं सांगितलं होतं ना?" ड्राफ्ट्समन म्हणाला, "सांगितलंय, सांगितलंय." त्याने सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी विसरलो होतो हे दुकानदाराला कळलं असतं, आणि पुन्हा साडूला विचारावं लागलं असतं की नक्की काय सांगू. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहून गेलं होतं. त्या क्षणी बॉक्स उघडला असता तर फार तर दोन रविवार गेले असते.

दोन रविवार हाताशी नव्हते, हेही खरं. सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता आणि गाडीचा पहिला फेरफटका त्याच दिवशी मारायचा, असं ड्राफ्ट्समनने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एक्सल कापून-जोडून यायचे होते, ते त्याच दिवशी सकाळी आले. फिटर म्हणाला की गाडी उचलून, चाकं हवेत ठेवून एकदा गिअर टाकून बघू. ड्राफ्ट्समनने घड्याळ दाखवलं. गाडी टेम्पोवर चढवून सासऱ्यांच्या घरासमोर उतरवली तेव्हा पाहुणे जमलेले होते. सासरे खुर्चीवर. दोघी बहिणी पायरीवर. सासऱ्यांचा जुना दोस्त, म्हणजे ज्याच्या गॅरेजात फिटर नोकरीला होता तो मालक, फाटकाला टेकून उभा.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज असा की शेजारपाजारचे खिडकीत आले. ड्राफ्ट्समनने मान ताठ करून सगळ्यांकडे बघितलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली. त्याला वाटलं गिअर चुकला. दुसरा टाकला, तर ती आणखी जोरात मागे गेली आणि फुलांच्या कुंड्यांवर जाऊन बसली. क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मालक हसायला लागला. तो असा हसला की त्याला फाटक धरावं लागलं, आणि एकाचं पाहून दुसरा, असं करत खुर्चीतले सासरेही डोळे पुसू लागले. कुणीतरी ओरडलं, रिव्हर्स टाकून बघा. ड्राफ्ट्समनने खरंच टाकला आणि गाडी पुढे आली. मग तर कहरच झाला.

ड्राफ्ट्समन गाडीतून उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते. मालकाने हसू आवरत विचारलं, "अहो, चार रिव्हर्स आणि एक पुढचा! हा गिअरबॉक्स बसवला कुणी?"

उत्तर तोंडातून आपोआप आलं. "साडूंनी."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. बोल्ट साडूनेच आवळले होते. सगळ्या माना फिटरकडे वळल्या. तो कुंडीचे तुकडे गोळा करत होता. त्याने थोरल्या साडूकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पुढचं वाक्य येतंय का एवढीच वाट होती. ते आलं नाही. "हो, मीच बसवला," तो म्हणाला आणि तुकडे उचलत राहिला. सासऱ्यांचा वाढदिवस होता. थोरल्या जावयाला तिथे कशाला उघडं पाडायचं, असा त्याने विचार केला असावा. ड्राफ्ट्समनची बायको पायरीवर होती. तिने शेडच्या दारात जे ऐकलं होतं ते तिला आठवलं असणारच. ती उठून आत गेली.

पुढचं सगळं हळूहळू झालं, कुणाच्या फारसं नजरेत न येता. मालकाने ती गोष्ट गॅरेजात सांगितली, गिऱ्हाइकांना सांगितली, आणि सांगताना दर वेळी तिला थोडा मीठमसाला लावला. गिऱ्हाइकं गाडी ठेवताना विचारू लागली, पुढे जाईल ना? फिटरला लोक 'रिव्हर्स' म्हणू लागले. बाहेर त्याचं नावच ते पडलं. त्या वर्षी गॅरेजचा मुख्य कारागीर निवृत्त होणार होता आणि ती जागा फिटरची हे सगळे धरून चालले होते. मालकाने ती दुसऱ्याला दिली. गिअरबॉक्सवाल्यावर लोक हसतात म्हटल्यावर धंद्याच्या दृष्टीने बरं दिसत नाही, असं त्याने सासऱ्यांना समजावलं. वर्षभराने फिटर बायको-मुलीसह तीन तासांवरच्या एका गावात निघून गेला. जायच्या आधी तो निरोप घ्यायला आला होता. ड्राफ्ट्समनला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात बायको पाणी घेऊन बाहेर आली, आणि विषय नवीन घराच्या भाड्यावर गेला.

दोघी बहिणींचे फोन आधी रोजचे होते, ते आठवड्याचे झाले, मग महिन्याचे. सासरे दोन वर्षांनी गेले. मालकाने गॅरेज विकून टाकलं. लाल गाडी शेडमध्ये चादरीखाली तशीच राहिली. ड्राफ्ट्समन तिकडे फिरकत नसे. बायको एकदाच म्हणाली होती, "एक तर नीट करा, नाहीतर काढून टाका. मला ती चादर बघवत नाही." तिने कधी त्याला घालूनपाडून काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

सात वर्षांनी त्याने चादर काढली. गिअरबॉक्स उतरवला, स्वतः उघडायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात हात टेकले. दोन गॅरेजांत घेऊन गेला. दोन्हीकडे तेच: असले जुने बॉक्स आता कुणी उघडत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या कारागिराने मात्र एका गावाचं नाव घेतलं. "तिथे एक मास्तर आहेत. गिअरबॉक्समध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांच्याकडे न्या." ड्राफ्ट्समनने पुढचं विचारलंच नाही. कोण ते त्याला कळलं होतं.

एका मंगळवारी तो बॉक्स डिकीत टाकून निघाला. वाटभर वाक्य जुळवत होता. फिटरचं स्वतःचं गॅरेज होतं. मोठं नव्हतं, पण फरशी झाडलेली, हत्यारं भिंतीवर ओळीने लावलेली. चार कामगार होते, आणि चौघंही त्याला 'मास्तर' म्हणत होते. केस पांढरे झाले होते. साडूला बघून तो दोन पावलं पुढे आला.

"या दादा. आधी चहा घ्या."

"तुम्ही कसे आहात?" ड्राफ्ट्समन म्हणाला. सात वर्षांनी तो पुन्हा 'तुम्ही'वर आला होता. फिटरला ते जाणवलं असेल तर त्याने दाखवलं नाही.

कशाला आलात हे त्याने विचारलं नाही. डिकीत बॉक्स दिसल्यावर विचारायची गरजही नव्हती. तो टेबलावर चढवला, आणि कामगारांनी कधी असला बॉक्स पाहिला नव्हता म्हणून त्यांना जवळ बोलावून तो दाखवत दाखवत उघडू लागला. एकेक भाग काढून कपड्यावर ओळीने मांडला. क्राउन बाहेर काढला, पालथा केला, दुसऱ्या बाजूने बसवला, पातळ पत्र्याच्या चकत्या घालून-काढून दात नीट बसेपर्यंत मोजत राहिला. ड्राफ्ट्समन ते बघत होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं हे काम, आणि ते करणाऱ्याला आपण बोल्ट आवळायला सांगितलं होतं.

एका कामगाराने सहज विचारलं, की हा उलटा का करायचा? फिटर काही सांगण्याआधीच ड्राफ्ट्समन बोलायला लागला. जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला. त्याने सगळं सांगितलं. ठोकलेल्या छोट्या गाडीचं इंजिन घ्या म्हणून तुमचे मास्तर सांगत होते, मी ऐकलं नाही. क्राउन फिरवा म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं, मी खोटं बोललो. गाडी सगळ्यांदेखत मागे गेली, कुंड्या फुटल्या, लोक हसले, आणि मी बोट यांच्याकडे केलं. यांना लोक 'रिव्हर्स' म्हणायला लागले, यांची जागा गेली, गाव सुटलं. "चूक माझी होती. यांची कधीच नव्हती," तो म्हणाला.

कामगारांतला सर्वांत थोराड होता त्याला आवरलं नाही. त्याने मिशीआडून विचारलं, "म्हणजे मास्तर, गाडी अख्खी रिव्हर्समध्येच?" आणि बाकीच्या तिघांच्या तोंडून हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं. त्या गोष्टीला कुणीही हसलंच असतं.

फिटरही जरासा हसला. त्याने बॉक्सचं झाकण बसवलं, बोल्ट एकाआड एक आवळले, हात पुसले आणि साडूला घेऊन बाहेर नळाशी आला. नळ सोडून नखं घासत तो म्हणाला, "दादा, इथे ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती."

ड्राफ्ट्समनला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्याने वळून गॅरेजच्या दाराकडे बघितलं.

"मी काय म्हणून गाव सोडलं होतं?" फिटर म्हणाला. आवाजात चढ नव्हता. "तिथे बोलला असतात तर एक वाक्य पुरलं असतं. 'मी विसरलो' एवढंच. मालक तुम्हाला हसला असता आणि दुसऱ्या दिवशी विसरला असता."

"मी आत जाऊन त्यांना सांगतो, की..."

"काय सांगणार? हसू नका म्हणून?" त्याने नळ बंद केला. "राहू द्या. चला, जेवून जा. ती वाट बघत असेल."

ड्राफ्ट्समन जेवायला थांबला नाही. काम आहे म्हणाला. मेहुणी शेजारच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिला त्याने गाडीतूनच हात केला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतल्यावर तिने हातातली घडी पुरी केली.

"जायच्या आधी मला विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"काय सांगितलं असतंस?"

"एकट्याला गाठून सांगा म्हणाले असते. चारचौघांत सांगून तुमच्या मनावरचं उतरलं. त्याच्या डोक्यावर गेलं." मग तिने हातातला टॉवेल तसाच ठेवला. "तुम्हाला तरी काय बोलू? मीही पायरीवरच होते की. मला सगळं माहीत होतं. बाबांसमोर नवऱ्याचं हसं नको, म्हणून आत जाऊन भांडी घासत बसले. बहिणीने त्यानंतर कधी मला विचारलं नाही, की ताई, तुला माहीत होतं का. तिने विचारावं म्हणून मी सात वर्षं फोन करतेय."

त्याने टॉवेलची घडी घातली. ती तिरकी झाली.

बॉक्स त्याने महिनाभरात बसवला आणि गाडी पुढे गेली. छान गेली. आपण तरुणपणी मनात जशी चालवली होती अगदी तशी ती वळणावर फिरते, हेही त्याने बघितलं. चार-पाच वेळा तो एकटाच लांबवर जाऊन आला. शेजारची सीट रिकामी असायची. बायको बसली नाही, आणि त्यानेही चल म्हटलं नाही. पुढच्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरला ती लाल गाडी आवडली, त्याला देऊन टाकली.

त्यानंतर दोन वर्षांनी फिटरच्या मुलीचं लग्न झालं. आमंत्रण रीतसर आलं, फोनही आला. दोघं गेली. बायको मांडवात पोचताच बहिणीच्या गळ्यात पडली आणि दोघी आतल्या खोलीत दिसेनाशा झाल्या. बराच वेळ दार उघडलं नाही. ड्राफ्ट्समन मागच्या रांगेत एका खुर्चीवर बसून राहिला. गॅरेजचे कामगार नव्या कपड्यांत पाहुण्यांची सरबराई करत होते. सामान आणायला गेलेली एक गाडी गल्लीत अडकली होती, आणि त्यांच्यापैकी एकाने मांडवाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "रिव्हर्स मास्तर, जरा इकडे या हो!" आजूबाजूची चारदोन माणसं हसली. ती हाक त्यांच्या कानाला आता सवयीची झाली असावी. फिटरही हसला आणि हात वर करून, आलो म्हणाला.

ते हसू खरं होतं का, हे ड्राफ्ट्समन नीट बघू लागला. मधे माणसं होती, आणि इतक्या लांबून काही कळत नव्हतं. गाडी बाहेर काढून झाल्यावर फिटर परत येताना त्याच्या रांगेपाशी थांबला, वाकला आणि विचारलं, "दादा, जेवलात का?"

"जेवतो की. तुम्ही?"

"माझं होईल निवांत," तो म्हणाला, आणि त्याला पुन्हा कुणीतरी बोलावलं.